क्रेफिशची मापं घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, ओढ्याकाठी फिरणारे निसर्गमित्र आणि मत्स्यालयाचा छंद असलेली काही मंडळी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. बरेच प्रश्न कोल्हापूर परिसरातले आहेत, त्यामुळं उदाहरणंही इथल्याच पाण्याची येतील. क्रेफिशबद्दलची माहिती मात्र जिथली आहे तिथलीच, म्हणजे अमेरिका, युरोप, जपान, मादागास्करची. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट नंतर. एकाच मुद्द्याचं उत्तर दोनदा देण्याऐवजी क्रमांक दिला आहे.

१. क्रेफिश म्हणजे खेकडाच न्हवं का? आपल्या ओढ्यांत सापडतो का?

खेकडा नव्हे, पण भाऊबंदांतला. दिसायला छोट्या लॉब्स्टरसारखा: पुढं दोन दणकट नांग्या, पाठीवर कॅरापेसची ढाल, मागं लांब शेपूट आणि शेपटाच्या टोकाला पंखा. सगळं आयुष्य गोड्या पाण्यात जातं. अंड्यातून थेट छोटी पिल्लं बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतात. ही गोष्ट आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यासारखीच.

जगात क्रेफिशच्या ६०० हून अधिक जाती आहेत. सर्वांत जास्त विविधता अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि ऑस्ट्रेलियात. भारतात मूळची एकही जात नाही. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरही नाही, मादागास्कर बेटावर मात्र आहे. कासारी किंवा कुंभीच्या ओढ्यात दगडाखाली हात घातल्यावर बोट धरतो तो खेकडाच.

२. आपल्याकडं नाहीच, तर कोल्हापुरात बसून त्याचा अभ्यास कशाला?

हा प्रश्न प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत हमखास येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिलं कारण दुकानात आहे. मत्स्यालयाच्या दुकानांत लाल-निळे क्रेफिश ‘लॉब्स्टर’ म्हणून विकले जातात. पाळणारा कंटाळला की टाकी कुठं रिकामी होते, हे सांगायला नको. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि आज कुठल्याही तलावाच्या काठावर ती गळाला लागते. त्यात २०१९ सारखा महापूर आला की तळं, शेत आणि नदी यांच्यातला फरकच राहत नाही.

दुसरं कारण मादागास्करचं. मार्बल्ड क्रेफिश नावाची जात १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतल्या मत्स्यालय व्यापारात दिसली. तिच्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं होतात, म्हणजे एक प्राणी सुटला तरी वसाहत उभी राहू शकते. पुढं ती मादागास्करच्या भातखाचरांत पसरली. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडची भातखाचरं पाहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं कारण पद्धतीचं. आगंतुक प्राण्याचा आकार, नांगी, वजन यांवरून ओढ्यात काय चाललंय हे वाचण्याचं भरपूर काम क्रेफिशवर झालेलं आहे. ती पद्धत शिकून घेतली की आपल्या खेकड्यांवर वापरता येते. तिथं काय बदलावं लागतं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. हे क्रेफिश दुसऱ्या देशांत ‘आक्रमक’ झाले तरी कसे?

बहुतेक ठिकाणी माणसानंच नेऊन सोडले. सिग्नल क्रेफिश मूळचा अमेरिकेच्या पश्चिम भागातला. युरोपातले मूळ क्रेफिश ‘क्रेफिश प्लेग’ या रोगानं मरायला लागले होते. हा रोग इटलीत १८५९ च्या सुमारास पहिल्यांदा दिसला. त्यांची जागा भरायला सिग्नल आणला गेला: स्वीडनमध्ये १९६० च्या आसपास, ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात. गंमत अशी की सिग्नल स्वतः त्याच रोगाचा वाहक. तो फारसा मरत नाही, शेजाऱ्याला मारतो. शिवाय काठात बिळं करतो, त्यानं काठ ढासळतात आणि गाळ वाढतो.

अमेरिकेच्या दक्षिणेतला लाल दलदली क्रेफिश जपानमध्ये १९२७ साली बुलफ्रॉग बेडकांचं खाद्य म्हणून गेला, केनियाच्या नैवाशा तलावात १९७० साली आणि स्पेनमध्ये १९७३ साली. ओहायो नदीच्या खोऱ्यातला रस्टी क्रेफिश तर त्याच देशात, गळाला लावायचं आमिष म्हणून मासेमारांच्या बादलीतून उत्तरेच्या तलावांत पोहोचला. परदेशी असणं ही अट नाही, आपल्या खोऱ्याबाहेर पडणं पुरेसं असतं.

४. हल्ली डीएनए वरून सगळं कळतं. मग व्हर्निअर (बारीक लांबी मोजायची सरकती पट्टी) घेऊन ओढ्यात उतरायचं कशाला?

पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएवरून प्राणी तिथं आहे की नाही, हे कळतं. तो केवढा आहे, प्रजननक्षम झाला का, धष्टपुष्ट आहे की उपाशी, हे कळत नाही. आणि ओढ्यावरचा परिणाम यावरच ठरतो. एक किलो क्रेफिशमध्ये मोठे दहा असतील किंवा छोटे दोनशे. वजन तेवढंच, पण दर ग्रॅममागं छोट्यांचा चयापचय जास्त वेगानं चालतो, म्हणून ते खातातही जास्त. कुठला मासा कुठल्या क्रेफिशला गिळू शकतो, हेही माशाच्या तोंडाचा आ आणि क्रेफिशचा आकार यांच्या हिशोबात बसतं. रस्टी क्रेफिशनं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या तलावांतून मूळ जातींना हटवलं त्यामागं हेच होतं. तो भांडखोर, नांगी मोठी, लपायची जागा तो बळकावतो आणि उघड्यावर पडलेल्या मूळ क्रेफिशला मासे खातात.

शिवाय व्हर्निअर स्वस्त आहे.

५. नेमकं काय काय मोजायचं?

सगळं मोजायचा मोह टाळा. पण काही मापं घेतल्याशिवाय घरी येऊ नये.

पहिलं कॅरापेसची लांबी. रोस्ट्रम म्हणजे डोळ्यांच्या मधून पुढं आलेलं टोक. तिथपासून कॅरापेसच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंत. हे सगळ्या मापांचं खोड. एकूण लांबी, म्हणजे रोस्ट्रमपासून शेपटाच्या टोकापर्यंत, जुन्या नोंदींत खूप सापडते, पण जिवंत क्रेफिश शेपूट पोटाखाली दुमडतो आणि तुम्ही ते ओढून सरळ करता तेव्हा प्रत्येकाचं ओढणं वेगळं. तुलना करायची गरज नसेल तर सोडून द्या.

मग नांगी: लांबी, रुंदी आणि जाडी. डावी-उजवी वेगळ्या रकान्यात लिहा. नांगीची लांबी घेताना फक्त ‘पंजा’चा भाग मोजा, मागचा सांधा त्यात येऊ देऊ नका. शेपटाची रुंदी दुसऱ्या खंडावर. मादीत ती वयात आल्यावर वाढते, कारण अंडी तिथंच सांभाळायची असतात. आणि ओलं वजन.

एक माप बहुतेक विद्यार्थी विसरतात: अरिओला. कॅरापेसच्या पाठीवर मागच्या भागात दोन उभ्या रेषा असतात, त्यांच्या मधली पट्टी म्हणजे अरिओला. ही पट्टी अरुंद असली की दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या पोकळीला जागा जास्त मिळते. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात आणि बिळांत राहणाऱ्या जातींत म्हणूनच ती अरुंद असते; लाल दलदली क्रेफिशमध्ये तर दोन्ही रेषा जवळजवळ चिकटलेल्या असतात. जात ओळखायलाही याचा उपयोग होतो (प्रश्न १८).

मापांबरोबर लिंग, कवच कडक की मऊ, अंडी आहेत का, कुठला अवयव तुटलाय, आणि तो प्राणी कसा पकडला, हे लिहायचंच. शेवटची नोंद का महत्त्वाची ते प्रश्न ११ मध्ये येईल.

६. रोस्ट्रमच तुटलेला असेल तर?

भांडणात रोस्ट्रमचं टोक सर्रास तुटतं. म्हणून बरेच संशोधक डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून कॅरापेसच्या मागच्या कडेपर्यंत मोजतात. हे माप जास्त भरवशाचं आहे. दोन्ही मापं घेतलीत तर धडक्या प्राण्यांवरून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं समीकरण तुम्हालाच काढता येतं आणि तुटक्यांची नोंद वाया जात नाही. एकाच तक्त्यात काही ओळी रोस्ट्रमपासून आणि काही खोबणीपासून, असं मात्र कधीही नको.

७. नर-मादी कसे ओळखायचे? वेगळे ठेवायलाच हवेत का?

उलटा करून बघा. नरात शेपटाखालच्या पायांच्या पहिल्या दोन जोड्या कडक होऊन पुढं, चालायच्या पायांच्या मध्ये वळलेल्या असतात. मादीत त्या तशा नसतात आणि जननछिद्र तिसऱ्या चालण्याच्या पायांच्या बुडाशी असतं; नरात ते पाचव्या पायांच्या बुडाशी.

वेगळे ठेवायलाच हवेत. वयात आल्यावर नराच्या नांगीची वाढ शरीराच्या मानानं वेगानं होते, मादीची तशी होत नाही. दोघांना एकाच आलेखात घातलं की जी रेषा मिळते ती कुणाचीच नसते.

रस्टी आणि लाल दलदली क्रेफिश ज्या कुळात येतात त्यात आणखी एक भानगड आहे. तिथले प्रौढ नर दोन रूपांत असतात. प्रजननाच्या रूपात नांग्या मोठ्या आणि जननपायांची (म्हणजे वर सांगितलेल्या, पुढं वळलेल्या पायांची) टोकं कडक, टोकदार. कात टाकली की तोच नर साध्या रूपात येतो. म्हणजे एकाच नराची नांगी हंगामानुसार वेगळी भरते. सिग्नल क्रेफिश दुसऱ्या कुळातला, त्याच्यात हा प्रकार नाही. आणि मार्बल्ड क्रेफिशमध्ये नरच नाहीत, त्यामुळं तिथं हा सगळा प्रश्नच मिटतो.

८. नांगीच्या मापाला एवढं महत्त्व का देतात?

कारण नांगी हेच त्याचं हत्यार, हात आणि जाहिरात. दोन क्रेफिश समोरासमोर आले की नांगीच्या आकारावर बऱ्याचदा सामना न होताच निकाल लागतो. बिळाची जागा, मादी, खाद्य, सगळं त्यावर अवलंबून. त्यामुळं मूळ जात आणि आगंतुक जात यांची टक्कर समजून घ्यायची असेल तर नुसती कॅरापेसची लांबी पुरत नाही. तेवढ्याच लांबीच्या दोन जातींत ज्याची नांगी मोठी, त्याचा डाव वर राहतो.

इथं हिशोबाची एक सवय मोडावी लागते. विद्यार्थी नांगीला कॅरापेसनं भागतात आणि गुणोत्तराची सरासरी काढतात. पण नांगी शरीरापेक्षा जास्त वेगानं वाढते, म्हणून मोठ्या प्राण्यांत गुणोत्तर आपोआपच मोठं येतं. एका ओढ्यात तुम्हाला मोठे सापडले आणि दुसऱ्यात छोटे, तर नांगीत फरक नसतानाही ‘फरक’ दिसेल. दोन्ही मापांचे लॉगॅरिदम घ्या, आलेख काढा, रेषेचा चढ बघा. चढ १ असेल तर दोन्ही एकाच वेगानं वाढताहेत; १ पेक्षा जास्त असेल तर नांगी पुढं धावतेय. नरांच्या आलेखात एका ठिकाणी चढ बदलतो, ते वयात आल्याचं लांबीतलं ठिकाण. हे एवढं नीट केलं तरी एमएस्सीचा प्रकल्प उभा राहतो.

९. एक नांगी मोठी आणि एक छोटी असेल तर कुठली मोजू?

दोन्ही मोजा आणि छोटीवर खूण करा. क्रेफिशची नांगी तुटली तर कात टाकताना नवी येते, पण ती आधी बारकी आणि सडपातळ असते. अशी उगवती नांगी वाढीच्या समीकरणात घेऊ नका. वजनाच्या समीकरणातही तो प्राणी बाजूला ठेवा, कारण मोठ्या नराच्या वजनात नांग्यांचा वाटा बराच असतो.

टाकून मात्र देऊ नका. ओढ्याच्या एका पट्ट्यात किती टक्के प्राण्यांची नांगी तुटलेली किंवा उगवती आहे, हा आकडा तिथं भांडणं आणि शिकारी किती आहेत याचा अंदाज देतो. (खेकड्यांत हा नियम चालत नाही, प्रश्न १६.)

१०. मापावरून वय सांगता येतं का?

माशाच्या खवल्यावर किंवा कानातल्या हाडावर वर्षाच्या रेघा दिसतात. क्रेफिशकडं असं काही शिल्लक राहत नाही, कारण कात टाकताना जठरातल्या दातांसकट सगळं कवच तो बदलतो. वाढही जिन्याच्या पायऱ्यांसारखी: कात टाकली की एकदम उडी, मग पुढच्या कातीपर्यंत लांबी तीच. वजन तेवढं मधल्या काळात वाढत राहतं.

मग करतात काय? लांबीचा वारंवारता-आलेख काढतात. यंदाच्या पिल्लांचा उंचवटा स्पष्ट दिसतो, बहुधा गेल्या वर्षीच्यांचाही. त्यापुढचे उंचवटे एकमेकांत मिसळतात आणि तिथं सॉफ्टवेअर जे आकडे देतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सिग्नल क्रेफिशच्या मेंदूत वयाबरोबर साठणाऱ्या लायपोफ्युसिन या रंगद्रव्यावरून वय काढण्याचं काम झालं आहे, पण त्यासाठी प्राणी मारावा लागतो आणि प्रयोगशाळाही तशी लागते.

पाण्याच्या तापमानाचाही मोठा हात आहे. सिग्नल क्रेफिश थंड पाण्यात साधारण दोन-तीन वर्षांनी ६ ते ९ सेंटिमीटर एकूण लांबीला वयात येतो. लाल दलदली क्रेफिश उबदार पाण्यात काही महिन्यांतच. त्यामुळं इंग्लंडच्या ओढ्यावरचा लांबी-वयाचा तक्ता उचलून आपल्याकडच्या पाण्याला लावायचा, हे साफ चुकीचं.

११. सापळ्यात मोठे नरच येतात. म्हणजे ओढ्यात पिल्लं नाहीत असं समजायचं का?

नाही! या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आमिष लावलेला सापळा हा ओढ्याचा नमुना देत नाही. जे सापळ्यात शिरायला धजावतात त्यांचा नमुना देतो. मोठा नर आत बसला की छोटे आत येत नाहीत. आले तर जाळीच्या भोकातून निसटतात. पोटाखाली अंडी धरलेली मादी लपून राहते, ती आमिषाकडं फिरकत नाही. ब्रिटनमध्ये ओढ्याचा तुकडा दोन्हीकडून अडवून, पाणी उपसून, पुन्हा पुन्हा तळ शोधण्याची पद्धत वापरली गेली. तेव्हा दिसलं की सापळ्यात येण्याजोगे प्राणी हा संपूर्ण वस्तीचा अगदी लहानसा भाग असतो. बाकी सगळी पिल्लं आणि अर्धवट वाढलेले.

हे नुसतं आकडेमोडीचं दुखणं नाही. सापळे लावून आगंतुकांना काढून टाकायच्या मोहिमा जगभर होतात. मोठे काढले की छोट्यांवरचा दाब कमी होतो, ते जोमानं वाढतात. विस्कॉन्सिनच्या स्पार्कलिंग तलावात २००१ ते २००८ अशी सलग मोहीम चालली, तेव्हा म्हणूनच सापळ्यांच्या जोडीला मासेमारीवर निर्बंध घातले: मोठे क्रेफिश सापळ्यानं, छोटे माशांच्या पोटात. आकाराचा हिशोब नसता तर ही योजना सुचलीच नसती.

हातानं दगड उलटून शोधलं की छोटे जास्त मिळतात आणि मोठे पळतात. तळ ढवळून जाळीत घेतलं तर खळाळातले मिळतात, डोहातले नाहीत. निर्दोष पद्धत कुठलीच नाही. म्हणून दोन पद्धती वापरा, प्रत्येक नोंदीपुढं पद्धत लिहा, आणि एका ओढ्यात सापळा तर दुसऱ्यात हात, असं करून दोघांच्या सरासरी लांबीची तुलना कधी करू नका.

१२. लांबीवरून वजन काढायचं सूत्र कुठलं? आणि ‘कंडिशन’ म्हणजे काय?

वजन = अ × (लांबी)^ब. दोन्हीकडं लॉग घेतला की सरळ रेषा मिळते आणि ‘ब’ हा तिचा चढ. आकार न बदलता प्राणी वाढला तर ब बरोबर ३. नांग्यांमुळं प्रौढ नरांचा ब अनेकदा ३ च्या वर जातो. हे सूत्र जातीनुसार, लिंगानुसार, कधी कधी ओढ्यानुसार बदलतं, म्हणून ते आपल्याच नमुन्यावरून काढावं. ते करताना प्राण्यांची संख्या वाढवण्यापेक्षा लांबीचा पल्ला वाढवा. एकाच आकाराचे शंभर प्राणी मोजून चढ नीट निघत नाही. लहानापासून थोरापर्यंत पसरलेल्या चाळिसांवरून तो नीट निघतो.

कंडिशन म्हणजे त्या लांबीला अपेक्षित वजनापेक्षा प्राणी भारी आहे की हलका. जुनं सूत्र वजनाला लांबीच्या घनानं भागतं. ब जर ३ नसेल तर ते सूत्र मोठ्यांना किंवा छोट्यांना उगाच झुकतं माप देतं. रेषेपासूनचं अंतर बघणं बरं.

इथं एक सापळा पाण्याखाली नसतो. नुकतीच कात टाकलेला क्रेफिश पाण्यानं फुगलेला असतो. वजन भरपूर, मांस थोडं. तुमच्या आकड्यांत तो पैलवान दिसतो. कवचाचा मऊपणा लिहून ठेवायला सांगतो (प्रश्न ५) ते यासाठीच. कल्ल्यांच्या पोकळीतलं पाणीही वजन वाढवतं. थोडा वेळ डोकं खाली करून धरा, फडक्यानं टिपा आणि प्रत्येकाला तेवढंच टिपा.

१३. वाहत्या आणि साचलेल्या पाण्यातल्या क्रेफिशचा आकार खरंच वेगळा असतो का?

वेगळा असू शकतो आणि त्याची कारणं समजण्याजोगी आहेत. प्रवाहात मोठी नांगी म्हणजे पाण्याची ओढ जास्त. वेगाच्या पाण्यात क्रेफिश अंग तळाशी चिकटवतो आणि नांग्या पुढं, प्रवाहाच्या रेषेत लांब करतो. ज्याला हे जमत नाही तो वाहून जातो. तळ्यात हा दाब नाही, पण तिथं शिकारी मासे आणि भाईबंदांची गर्दी वेगळी.

अवघड भाग पुढं आहे. दिसलेला फरक पिढीजात आहे की त्या प्राण्यानं त्या पाण्यात वाढताना कमावलेला, हे ओढ्यातल्या मापांवरून कळणार नाही. त्यासाठी दोन्हीकडची पिल्लं एकसारख्या पाण्यात वाढवावी लागतात. रस्टी क्रेफिशबद्दल अमेरिकेत असा प्रयोग झाला आहे: मूळ मुलखातली आणि नव्या मुलखातली पिल्लं सारख्या परिस्थितीत ठेवली, तेव्हा नव्या मुलखातल्यांची वाढ जलद झाली आणि जगण्याचं प्रमाणही जास्त निघालं. म्हणजे आक्रमणाच्या काळात काहीतरी खोलवर बदललं होतं.

आपल्याकडं या प्रश्नासाठी मांडणी तयारच आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वाहती नदी साचलेलं पाणी होते, पावसाळ्याआधी बरगे काढले की पुन्हा वाहती. बंधाऱ्याच्या वरचे आणि खालचे खेकडे, बरगे घालण्याआधी आणि नंतर, असं मोजून बघा. हे कुणी नीट केलं तर मला वाचायला आवडेल.

१४. आक्रमण पुढं सरकतंय हे मापांवरून ओळखता येतं का?

काही प्रमाणात. ओढ्यात वस्ती वर सरकत असेल तर पुढच्या टोकाला प्राणी विरळ असतात, माणशी खाद्य जास्त मिळतं, त्यामुळं तिथले अनेकदा चांगल्या कंडिशनमध्ये दिसतात. मागं जुन्या वस्तीत गर्दी असते आणि तुटक्या नांग्या जास्त. टोकाला पिल्लं सापडली तर नुसता भटका प्राणी आलेला नाही, तिथं प्रजनन चालू झालं आहे. पण त्यासाठी पिल्लं पकडणारी पद्धत लागते, सापळ्यावर भिस्त ठेवून चालत नाही.

१५. आम्ही दोघांनी तेच प्राणी मोजले, आकडे जुळत नाहीत. कोण चुकलं?

बहुधा कुणीच नाही. डिजिटल व्हर्निअर ०.०१ मिलिमीटर दाखवतो म्हणून माप तेवढं अचूक झालं असं नाही. वळवळणाऱ्या जिवावर ०.१ मिळालं तरी पुष्कळ. काम सुरू करण्याआधी वीस-तीस प्राणी दोघांनी, आधीचे आकडे न बघता, दोनदा मोजा. दोन मापांतला फरक हा प्राण्यांमधल्या फरकाच्या तुलनेत किती, ते काढा आणि अहवालात छापा. नांगीची जाडी आणि अरिओलाची रुंदी यांत फरक जास्त येईल, कॅरापेसमध्ये कमी. शक्य असेल तर एक माप शेवटपर्यंत एकाच व्यक्तीनं घ्यावं.

मोबाईलच्या फोटोवरून मोजायचं असेल तर पट्टी प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर धरा, ट्रेच्या तळाशी नको. कॅमेरा बरोबर वरून, जरा लांबून. मृत प्राणी असेल तर स्पिरिटमध्ये ठेवण्याआधी वजन करा. स्पिरिटनं पाणी खेचलं जातं आणि वजन घटतं. कडक भागांच्या लांबीत फारसा फरक पडत नाही, पण सांधे आखडतात. जुन्या बरण्यांतले नमुने आणि ताजे नमुने यांची वजनं एका समीकरणात घालू नका.

१६. हीच पद्धत आपल्या खेकड्यांना जशीच्या तशी लागू होते का?

जशीच्या तशी नाही. खेकड्यात मुख्य माप कॅरापेसची रुंदी, सर्वांत रुंद जागी. शेपूट पोटाखाली दुमडलेलं असतं. नरात ते अरुंद, मादीत रुंद आणि गोलसर, त्यामुळं नर-मादी ओळखणं सोपं. मादीच्या पोटाची रुंदी वयात आल्याचं चांगलं चिन्ह.

सर्वांत मोठा फरक डेंग्यांत, म्हणजे खेकड्याच्या नांग्यांत. आपल्याकडच्या बऱ्याच खेकड्यांत, विशेषतः नरांत, एक डेंगा निसर्गतःच मोठा असतो. प्रश्न ९ मधला नियम लावून छोटा डेंगा ‘तुटून उगवलेला’ धरलात तर जवळजवळ सगळे प्राणी बाद होतील. कुठल्या बाजूचा मोठा आहे ते लिहा आणि मोठा मोठ्याशी, छोटा छोट्याशी ताडून बघा. सापळ्याचा मुद्दा (प्रश्न ११) मात्र इथंही तसाच. पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन पकडलेले खेकडे म्हणजे बाहेर फिरणारे मोठे खेकडे. रश्श्यासाठी उत्तम, नमुना म्हणून एकांगी.

१७. मोजून झाल्यावर परत सोडायचे का? परवानगी लागते का?

आपले मूळ खेकडे त्याच जागी, त्याच दगडापाशी सोडा. अंड्यांची किंवा पिल्लांची मादी आधी मोजा आणि लगेच सोडा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात हातही घालू नका.

आगंतुकांचं उलटं. ब्रिटनमध्ये सिग्नल क्रेफिश पकडल्यावर परत सोडणं बेकायदा आहे. युरोपीय संघानं २०१४ साली आगंतुक जातींचा कायदा केला आणि २०१६ च्या पहिल्या यादीत सिग्नल, लाल दलदली, मार्बल्ड यांच्यासह क्रेफिशच्या अनेक जाती घातल्या. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तिनं अशा परक्या जातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांवर नियंत्रण आणायचा अधिकार केंद्राला दिला.

एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट आणि जाळ्या घासून धुवा आणि पूर्ण कोरड्या होऊ द्या. क्रेफिश प्लेगचा (प्रश्न ३) रोगकारक पाण्यातून आणि ओल्या सामानावरून जातो, आणि तो क्रेफिशपुरताच मर्यादित नाही; चिनी मिटन खेकड्यातही सापडला आहे.

१८. उद्या खरंच रंकाळ्यात किंवा ओढ्यात क्रेफिश सापडला, तर काय करू?

परत सोडू नका आणि घरच्या टाकीतही ठेवू नका. झाकणाच्या भांड्यात घ्या. वरून एक फोटो, उलटा करून एक, नांगीचा जवळून एक. प्रत्येकात मोजपट्टी हवी. वरच्या फोटोत अरिओला स्पष्ट दिसला पाहिजे आणि खालच्यात जननपाय, कारण जात त्यांवरच ठरेल. मोबाईलमधलं ठिकाण, तारीख, आणि कसा मिळाला ते लिहा. प्रश्न ५ मधली मापं घ्या. मग प्राणी फ्रीजरमध्ये ठेवा आणि मत्स्यव्यवसाय विभागाला, जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला आणि गावातल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. मादी असेल तर पोटाखाली अंडी किंवा पिल्लं आहेत का, हे सगळ्यात आधी बघा. असतील तर त्याच दिवशी कळवा.